गुठळी जन्मली कुठे?

१

पुरुष कब्रस्तानातून परतायच्या आतच ताजिनिसा आत्याने भर अंगणात, सगळ्या बायकांसमोर, माझ्या भावजयीला विचारलं, "गोळ्या कुठे टाकत होतीस, ते सांग."

सानोबरच्या हातात शेजारून आलेली चहाची किटली होती. ती खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही. "कुठल्या गोळ्या, आत्या?"

"कुठल्या म्हणे! माझ्या भावाच्या. रक्त पातळ ठेवायच्या. रोज संध्याकाळी तुझ्याच हातून घ्यायचा ना तो?"

"रोज देत होते."

"डॉक्टरीणबाई काय म्हणाली ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. या माणसाचं रक्त असं गोठतंय म्हणे, जणू त्याने गोळी कधी जिभेवर ठेवलीच नाही. आता बोल."

बायकांनी माना खाली घातल्या, पण उठलं कोणी नाही.

मी ताश्कंदहून घाट ओलांडून पोहोचले तेव्हा बाबांना आंघोळ घालून कफनात गुंडाळून झालं होतं. काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. गुरुवारी सकाळी त्यांचा डावा पाय अचानक बधिर झाला. बसून बसून झाला असेल म्हणून ते हसले. सानोबरने मीठ भाजून त्याची पुरचुंडी पायाला बांधली, तरी पाय पांढराच, गारच. इस्पितळात गुडघ्याखाली नाडी लागेना. पायातली गुठळी काढली, आणि दुसऱ्या दिवशी दुसरी मेंदूत गेली. माझे बाबा, रिश्तानचे कुंभार, उस्ता मूमिनजान, पुन्हा शुद्धीवर आले नाहीत.

"इलहोम विसाव्या दिवसाच्या जेवणाला येतोय," आत्या म्हणाली. इलहोम माझा धाकटा भाऊ. रशियात बांधकामावर असतो, मातीला पोचू शकला नव्हता. "आला की हिला हिच्या बापाच्या घरी सोडायची. पोर आमच्या घरची आहे, ती इथेच राहील."

सानोबरची मुलगी ज़िलोला त्या वेळी तुतीच्या झाडाखाली एकटीच खडे मांडत बसली होती.

मी घटस्फोट घेऊन शहरात एकटी राहणारी बाई. अशा बाईच्या शब्दाला आमच्या गल्लीत किती वजन असतं, ते मला माहीत आहे. आत्याला शब्द पुरला नसता, पुरावा लागला असता. आणि खरं सांगायचं तर त्या दुपारी माझाही सानोबरवर पुरता विश्वास नव्हता.

२

मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्या गार चुलीपाशी बसलो, आणि मी आडवळण न घेता विचारलं.

"अपा, तुम्हीसुद्धा?" ती म्हणाली.

"मला विचारावंच लागेल. माझ्यानंतर इलहोम विचारेल, आणि तो इतक्या हळू आवाजात विचारणार नाही."

ती म्हणाली, "गोळी तळहातावर ठेवायचे आणि गिळेपर्यंत समोर उभी राहायचे. बाबा चेष्टा करायचे. म्हणायचे, फौजदारीणबाई, तोंड उघडून दाखवू का? आणि खरंच दाखवायचे. ज़िलोला खिदळायची."

हे रचून सांगता येत नाही. पण रचून सांगता येत नाही असं वाटायला लावणं हीसुद्धा एक कला असते.

"आत्या म्हणते, ते तुझ्या हातचं जेवत नव्हते."

आता तिचे डोळे भरले. "ते खरं आहे."

"कधीपासून?"

"वसंत लागल्यापासून. ताट पुढे केलं की म्हणायचे, भूक नाही पोरी. माझं मन राखायला दोन घास घ्यायचे. मला वाटलं, आईंच्या हातची चव शोधत असतील. मीठ कमी करून पाहिलं, वाढवून पाहिलं. कांदा जास्त परतून पाहिला."

माझी आई गेल्या शरदात गेली. अंगणात बिहीची फळं वेचता वेचता बसली, ती उठलीच नाही. तेव्हापासून या घरात दिवसभर कोणी नसायचं. सानोबर मुलीला घेऊन बालवाडीत शिकवायला जायची. बाबा दिवसभर एकटे असायचे.

"आत्या म्हणते, त्यांना तुझा संशय होता, म्हणून ते खात नव्हते."

"अपा," सानोबरने नाक पुसलं, "एक सांगू? ते उपाशी नव्हते. उपाशी माणूस वाळतो. त्यांच्या पट्ट्याला गेल्याच महिन्यात मी सुरीने नवं भोक पाडून दिलं. सैल करायला."

३

इस्पितळात बाबांवर उपचार करणारी डॉक्टर ज़मोनोवा किरकोळ अंगाची बाई. खिडकीत उभी राहून सुकी जर्दाळू खात होती.

"वकील की पोलीस?"

"मुलगी."

"मग बसा. जर्दाळू घ्या. सकाळपासून एवढंच खाल्लंय मी."

मी म्हटलं, मला समजावून सांगा, मी डॉक्टर नाही, ताश्कंदला ग्रंथालयात काम करते.

"चांगलं आहे. वाचणारी माणसं मध्येच तोडत नाहीत." तिने टेबलावर दोन बोटं ठेवली. "ही शीर, ही धमनी. धमनी हृदयाकडून रक्त आणते, शीर परत नेते. शिरेत गुठळी अडकली तर पाय सुजतो, गरम होतो, काळानिळा पडतो. रक्त आत येतं, बाहेर जात नाही. धमनीत अडकली तर पाय पांढरा आणि गार. रक्त येतच नाही."

"बाबांचा पांढरा होता."

"म्हणजे धमनी. आता पुढचा प्रश्न. गुठळी तिथे आली कशी? कित्येकांच्या धमन्यांना आतून वर्षानुवर्षं चरबीचा थर चढतो, तो फुटतो आणि तिथेच गुठळी धरते. तुमच्या वडिलांच्या पायाच्या धमन्या मी आतून पाहिल्या. वयाच्या मानाने स्वच्छ. स्वच्छ नळीत एका सकाळी बूच कुठून आलं?"

"वरून?"

"वरून. प्रेत पायात सापडलं, पण खून तिथे झालेला नव्हता."

बाबांच्या हृदयात काही वर्षांपूर्वी धातूची झडप बसवली होती. डॉक्टरने सांगितलं, रक्ताला धातू परका. त्याला ते चिकटू पाहतं. तिथे गुठळी धरते, तिचा तुकडा सुटतो आणि प्रवाहाबरोबर निघतो. जिथे नळी त्याच्यापेक्षा अरुंद होते, तिथे अडकतो. पहिला तुकडा पायाकडे गेला, दुसरा डोक्याकडे.

"हे होऊ नये म्हणून ती गोळी," मी म्हटलं. "आणि गोळी रोज घेत असतील तर?"

"तर त्यांचं रक्त मला दिसलं तसं दिसायला नको होतं. हिवाळ्याच्या शेवटी तपासलं तेव्हा उत्तम होतं. त्यानंतर काहीतरी बदललं." तिने बिया कागदात गुंडाळल्या. "तीन रस्ते आहेत. एक, गोळी पोटात जात नव्हती. दोन, सोबत दुसरं कुठलं औषध चालू होतं. वैदूची चूर्णंसुद्धा त्यात आली. तीन, खाणं. ही गोळी एका जीवनसत्त्वाची वाट अडवते, आणि ते हिरव्या पाल्यात भरलेलं असतं. रोजचं खाणं सारखं असेल तर गोळीचं माप आम्ही त्यावर बसवतो. पण एकाएकी आठवडेच्या आठवडे ताटभर पाला जायला लागला, तर गोळी काय करणार बिचारी?"

"हे तुम्ही सानोबरला विचारलंत?"

"विचारलं. दुसरं औषध नव्हतं म्हणाली. आणि पाला आमच्या घरात कधी शिजतच नाही म्हणाली."

ते खरं होतं, माझी शपथ घ्यायची तयारी होती. आईला हिरव्याचा वास सहन व्हायचा नाही. आमच्या स्वयंपाकघरात कित्येक वर्षांत पालक चिरला गेला नव्हता.

म्हणजे दुसरा रस्ता बंद, तिसरा बंद. उरला पहिला, आणि त्याच्या टोकाशी सानोबर एकटी उभी होती.

४

टाकलेल्या गोळ्या कुठेतरी सापडायला हव्यात, असा विचार करून मी शोधायला लागले. न्हाणीघर, कोंबड्यांचं खुराडं, राखेचा खड्डा. काही नाही. शेवटी बाबांच्या कामाच्या खोलीत गेले.

चाकावर ओलं फडकं टाकलेलं होतं, ते आता वाळून कडक झालं होतं. भट्टी आई गेल्यापासून पेटली नव्हती. तरीही भट्टीच्या तोंडाला विटा रचलेल्या होत्या, आणि सर्वांत वरची वीट वापराने गुळगुळीत, धूळ नसलेली. कोणीतरी ती रोज काढत होतं.

मी विटा उतरवल्या. आत ताटं होती.

एकावर एक, नीट धुतलेली, मध्ये फडकी घातलेली. त्यांतलं एकही आमचं नव्हतं. आमच्या कुंभारांच्या गल्लीत जन्मलेल्या माणसाला ताट कोणाच्या हातचं ते विचारावं लागत नाही. हे शेजारच्या कोमिलाच्या सासऱ्याचं, तो काठावर बदाम काढतो. हे रोबियाच्या नवऱ्याचं. त्याचं डाळिंब नेहमी डावीकडे कलतं. ज्याचा निळा रंग भट्टीत वाहतो तो कोपऱ्यावरचा म्हातारा. अख्खी गल्ली आमच्या गार भट्टीत रचून ठेवलेली होती.

आमच्याकडे शेजारच्या घरचं ताट रिकामं परत पाठवत नाहीत. मूठभर मनुका, दोन अंडी, काहीतरी घालूनच द्यायचं. घरात बाई असली की हे आपोआप होतं. एकट्या पुरुषाने काय घालावं?

ते फळीवर होतं. झाकणाची चिमुकली मीठदाणी, एकेका ताटासाठी एकेक, कच्च्या मातीची, अजून न भाजलेली. बुडाशी काडीने त्या त्या घराची खूण कोरलेली. ते परतफेड करणार होते, फक्त भट्टी पेटवण्याइतकं मन अजून धरलं नव्हतं.

पण लपवायचं कशाला? हे कळायला मला वेळ लागला नाही. सून असलेल्या घरी शेजाऱ्यांची ताटं यायला लागली तर गल्ली म्हणते, सून सासऱ्याला उपाशी ठेवते. सानोबरला कोणी नावं ठेवू नयेत म्हणून बाबांनी ताटं लपवली. म्हणूनच संध्याकाळी भूक नसायची. म्हणूनच पट्टा सैल करावा लागला.

सर्वांत वरचं ताट धुवायचं राहिलं होतं. बहुधा बुधवारचं. काठाला पापुद्र्याचा तुकडा चिकटलेला होता. मी तो नखाने सोडवून नाकाशी नेला.

पुदिना. पालक. आणि लसूणघासाचे कोवळे कोंब.

५

डाळिंबाच्या ताटात ताश्कंदची खडीसाखर घालून मी रोबियाच्या दारी गेले.

"आलं बाई एकदाचं ताट!" रोबिया म्हणाली. "सासू रोज डोकं खात होती, ताट कुठे ताट कुठे. मी म्हटलं, उस्तांकडे आहे, चोराकडे नाही. बस ना. रडलीस की नाही नीट? रडून घे, नाहीतर पित्त होतं."

"पाला भरून भाजलेला सोमसा दिला होतास ना त्यांना?"

"एकदा? अगं, पाळी लावली होती आम्ही! एक दिवस कोमिला, एक दिवस मी, एक दिवस कोपऱ्यावरची. हिरव्याचे दिवस किती, दीड-दोन महिने. मग पाला जून होतो, जनावरंच खातात." तिने आवाज खाली आणला. "राग मानू नकोस, तुझी आई सोन्यासारखी होती. पण हिरव्याच्या बाबतीत हट्टी. आम्ही घेऊन गेलो की दारातूनच परत. वासाने मळमळतं म्हणे. आणि उस्ता बिचारे तिच्यापायी इतकी वर्षं तोंड बांधून बसले. आम्ही ठरवलं, या वसंतात म्हाताऱ्याचे लाड करायचे. हिवाळाभराचं रक्तही साफ होतं ना पाल्यानं."

"ते काय म्हणायचे?"

"खायचे आणि डोळे पुसायचे. म्हणायचे, सुनेला सांगू नका, तिला वाटेल तिचं रांधणं कमी पडलं. आम्ही काय, चार-पाच सोमसे देणार. खरं खाऊ घातलं ते तुझ्या आत्यानं. दर शुक्रवारी टोप भरून पाल्याच्या उकडलेल्या करंज्या, वर दही. समोर बसून संपवायला लावायची. बहीण असावी तर अशी."

मी उठले. चहा घेतला की नाही ते आठवत नाही.

रस्त्यात मला एक गोष्ट आठवली, आणि ती आठवल्यावर मी तिथेच कालव्याच्या कठड्यावर बसले. मी लहान असताना आई हिरवे सोमसे स्वतः करायची. मावशीशी पैजा लावून खायची. तिला तो वास कधी नकोसा झाला? बाबांच्या हृदयात झडप बसली, त्या वर्षी.

मी डॉक्टरला फोन लावला. "पाल्याचं पथ्य तुम्ही कोणाला सांगितलं होतं?"

"तुमच्या आईला. अर्थात घरच्यांना." पलीकडे ती थांबली. "त्यांनीच विनंती केली होती की नवऱ्याला सांगू नका. आमच्याकडे सगळेच करतात ती विनंती. म्हणाल्या, पथ्य म्हटलं की तो स्वतःला आजारी समजेल, चाकावर बसायचा नाही. मलाच आवडत नाही असं सांगते, म्हणजे प्रश्न मिटला. का? त्यांनी इतर कोणाला सांगितलं नव्हतं?"

नव्हतं. नवऱ्याला नाही, सुनेला नाही, मला नाही. गोळी सुनेच्या हाती सोपवली आणि पथ्य स्वतःबरोबर मातीत नेलं. बाबांना वाटत राहिलं, तिला आवडत नाही म्हणून आपण खायचं नाही. ती गेल्यावर खायला हरकत कसली?

मला गुन्हेगार सापडला होता. तो गल्लीतल्या प्रत्येक घरात राहत होता.

६

सानोबर सुटणार होती, पण कशाच्या बदल्यात ते मला दिसत होतं. हे मी चारचौघांत बोलले, की रोबिया उरलेलं आयुष्य दर वसंताला आपल्या हातांकडे पाहत बसणार. कोमिला बसणार. त्यांनी एका एकट्या माणसाला जेवू घातलं होतं, एवढाच त्यांचा अपराध. आणि न बोलावं, तर ज़िलोलाला आईवाचून वाढावं लागणार.

मी आत्याकडे गेले. ती दुपारच्या उन्हात गोधडीचा कापूस पिंजत होती.

"आलीस? तुझ्या त्या लाडक्या भावजयीची वकिली करायला?"

"हो."

मी सगळं सांगितलं. झडप, तुकडा, धमनी, गोळी, भट्टीतली ताटं, आईचं खोटं. ती काठी चालवत राहिली. करंज्यांपाशी आल्यावर काठी थांबली.

"शुक्रवारीसुद्धा?"

"तुमच्या एकट्यामुळे नाही, आत्या. सगळ्यांचं मिळून झालं."

"माझा टोप मोठा होता," ती म्हणाली.

कापसाचे कण उन्हात तरंगत होते.

"नको म्हणायचा तो शेवटी शेवटी. मी म्हणायचे, खा, बायको नाही तर बहीण आहे." तिने हनुवटीखालची ओढणी सोडून पुन्हा बांधली. "डॉक्टरीण काय काय म्हणाली? पुन्हा सांग. तीन रस्ते कुठले?"

मी पुन्हा सांगितले. दुसऱ्या रस्त्याबद्दल तिने दोनदा विचारलं. दुसरं औषध म्हणजे कसलं? गुडघ्याचं चूर्ण चालतं का? मला वाटलं, स्वतःच्या सुटकेची फट शोधतेय. मला तिची कीव आली, थोडा रागही आला.

"रोबियाला बोललीस?"

"नाही."

"कोमिलाला?"

"कोणालाच नाही. सानोबरलाही नाही."

"जा आता," आत्या म्हणाली. "पुन्हा उघडू नकोस तोंड. जे बोलायचं ते मी बोलेन."

७

विसाव्या दिवशी इलहोम आला. प्रवासाने त्याचा चेहरा सिमेंटसारखा झाला होता. सानोबरकडे त्याने पाहिलंही नाही. तिची पेटी तिने स्वतःच भरून दाराशी ठेवली होती; ज़िलोलाचे कपडे त्यात नव्हते.

पुरुषांचा पुलाव झाला, फातिहा झाला. मग आतल्या खोलीत गल्लीतल्या सगळ्या बायका बसल्या असताना आत्याने इलहोमला हाक मारली.

"इकडे ये. सगळ्यांसमोरच ऐक. ती पेटी उचल आणि आत ने. तुझ्या बायकोने गोळी रोज दिली."

"मग बाबा..."

"मी मारला त्याला."

कोणाचीतरी बशी खाली आदळली.

"गुडघे दुखतात म्हणायचा," आत्या म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. "मी बाजारातून वैदूचं चूर्ण आणलं. दर शुक्रवारी पाण्यातून द्यायचे. डॉक्टरीणबाईने मला बजावलं होतं, या गोळीबरोबर दुसरं काही देऊ नको. मी म्हटलं, हिला काय कळतं. त्या चूर्णाने गोळी मारली, आणि मी आळ घातला या पोरीवर. हिची माफी मागते."

बाबांचे गुडघे शेवटपर्यंत ठणठणीत होते. मी तोंड उघडलं, आणि आत्याने माझ्याकडे पाहिलं, एकदाच. मी तोंड मिटलं. आजवर वाचलेल्या कुठल्याच गोष्टीत मी इतकी बिनचूक आणि इतकी खोटी साक्ष पाहिली नव्हती.

इलहोम बाहेर निघाला. जाताना त्याने आत्याला वळसा घातला, जसा माणूस रस्त्यावरच्या खड्ड्याला घालतो. मग दाराशी थांबून त्याने पेटी उचलली आणि आत नेली. सानोबर भिंतीला टेकून हुंदके देत होती. बायका उठायला लागल्या. एकीनेही आत्याचा निरोप घेतला नाही.

शेवटी रोबिया उठली. ती आत्यासमोर उभी राहिली, तेव्हा तिच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं.

"आत्या, आम्ही परक्या बायका. दीड महिना त्याला जिवापाड जपून खाऊ घातलं. आणि तुम्ही, सख्खी बहीण!"

आत्याने मान वर केली नाही.

"हो गं रोबिया," ती म्हणाली. "तुम्ही होतात म्हणून त्याचा शेवटचा वसंत तरी सुखाचा गेला."